बोल्ट नसलेली रायफल

ऑरिनची रायफल मी खाली काढली ती तेल लावायला. ऑगस्टची एकोणतीस तारीख होती, दुपारचे दोन वाजले होते. मागच्या दारावरच्या दोन खुंट्यांवर ती अडतीस वर्षं आडवी टांगलेली. मी स्टुलावर चढले, ती उतरवली, टेबलावर ठेवली आणि बघते तर तिचा बोल्ट गायब. नळीच्या मागे जो पोलादी दांडा मागे-पुढे सरकतो, ज्याच्याशिवाय गोळी उडत नाही, तो. त्याच्या जागी नुसती खाच उरली होती.

पोस्टाच्या खिडकीमागे मी सव्वीस वर्षं काढली आहेत. कुणी कुणाचं पाकीट उघडून पुन्हा चिकटवलंय, हे मला नुसतं हातात घेऊन कळायचं. माझा नवरा ऑरिन म्हणायचा, ही वेल्डा स्वर्गाच्या दारातसुद्धा आधी शिक्का तपासेल आणि मग आत जाईल. तर मी खुर्चीत बसले आणि शांतपणे विचार केला. चोर आला असता तर अख्खी रायफल घेऊन गेला असता. नुसता बोल्ट काढून रायफल पुन्हा खुंटीवर कोण ठेवील? ज्याला परत यायचंय आणि तो येईल तेव्हा माझ्या हातात काठीच असावी असं ज्याला वाटतंय, तोच.

कोण, तेही मला लगेच कळलं, निदान तसं वाटलं. वसंतात शेजारची जागा कीनन नावाच्या एका माणसाने घेतली होती. कॅलिफोर्नियाहून आलेला, पांढरी गाडी, पांढरे दात. पहिल्याच भेटीत त्याने विचारलं, “तुम्ही इथे एकट्याच राहता का?” आमच्या माँटानात असं विचारणाऱ्याला लोक पाणीसुद्धा विचारत नाहीत. त्यानंतर रोज सकाळी तो माझ्या फाटकापाशी गाडी हळू करायचा, मान वाकडी करून माझ्या छपराकडे बघायचा आणि निघून जायचा. मी पडद्याआडून बघत असायचे. माझी ओढ्याकाठची जमीन त्याच्या कुंपणाला लागून आहे, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

दारं बंद करायची आमच्याकडे पद्धत नाही. शेरीफची गाडी यायला पाऊण तास लागतो, तोही रस्ता कोरडा असेल तर. मागच्या हिवाळ्याआधीच्या हिवाळ्यात अकरा दिवस वीज नव्हती आणि पूल बर्फाखाली होता. तेव्हा ऑरिन होता. या फेब्रुवारीत तो गोठ्यात पडला आणि उठलाच नाही. आता या घरात हिवाळा काढायचा तर मला चालणारी रायफल हवी होती, नाहीतर घर सोडून बहिणीकडे जाऊन तिच्या नवऱ्याचे विनोद ऐकत मरायचं. दोन्हींतलं मला काय हवं होतं ते वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी मी मर्ल स्टॅडलरच्या दुकानात गेले. मर्ल म्हणजे कुंपणाच्या खांबालाही रायफल विकणारा माणूस. ऑरिनबरोबर तीस वर्षं शिकारीला गेलेला. एरवी दार उघडताच तो गल्ल्यामागून बाहेर येतो आणि दोन रायफली तुमच्या हातात देतो. त्या दिवशी तो जागचा हलला नाही. टोपी काढली, पुन्हा घातली.

मी म्हटलं, घरासाठी रायफल हवी, आणि पूल बंद झाला तर अडीअडचणीला. त्याने विचारलं, झोप लागते का? मी म्हटलं, मी रायफल मागतेय, उशी नाही.

मग मीच भिंतीवरच्या एकेक उतरवायला लावल्या. काळी, प्लॅस्टिकच्या दस्त्याची, जी हल्ली सगळे तरुण घेतात, ती हलकी होती आणि खांद्याला धक्काही कमी. पण तिच्यावर इतके खटके आणि बटणं की घाईत मी चष्मा शोधत बसले असते. एक लांब नळीची होती, डोंगरापलीकडचं हरीण पाडणारी. माझं स्वयंपाकघर बारा फुटांचं आहे, ती दारातून वळलीही नसती, आणि गोळी दोन भिंती फोडून कोंबड्यांच्या खुराड्यात गेली असती. कोंबड्या आता नाहीत, पण मुद्दा तोच. शेवटी एक आखूड, लिव्हर खाली ओढून चालवायची रायफल निघाली. माझ्या आजोबांच्या ट्रकमध्ये असायची तशी. खांद्याला लावली तर नीट बसली. तिच्या गोळ्या आमच्या खोऱ्यातल्या प्रत्येक घरात असतात, म्हणजे टंचाई आली तरी शेजाऱ्याकडून मागून आणता येतात. माझी निवड पक्की झाली.

मर्ल तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “लाकडं किती फोडलीस या वर्षी?”

“अजून आणायची आहेत.”

“आणि तळघरात? हिवाळ्यासाठी फळं-भाज्यांच्या बरण्या किती भरल्यास?”

मी म्हटलं, रिकाम्या बरण्या मी मार्चमध्येच देऊन टाकल्या, एकटीला कशाला लागतात. त्याने खाली वाकून सरकारी फॉर्म काढला, पुन्हा खणात ठेवला आणि म्हणाला, बंदूक घेणाऱ्याच्या तपासणीचा कॉम्प्युटर बंद पडलाय, पुढच्या आठवड्यात ये. मला गल्ल्याच्या काचेत त्या कॉम्प्युटरचा हिरवा दिवा दिसत होता. “त्यापेक्षा एखादा कुत्रा पाळ ना,” असंही त्याने वर ऐकवलं.

बाहेर येऊन मी गाडीत बसले, पण निघाले नाही. खिडकीतून मर्ल दिसत होता. मी बसल्यापासून मिनिटभरात त्याने फोन उचलला आणि माझ्या गाडीकडे बघत बोलू लागला. म्हणजे कीनन एकटा नव्हता. रायफल विकायची नाही, हे आधी ठरलं होतं, आणि त्यात ऑरिनचा जिवलग मित्रही होता.

तिसऱ्या दिवशी नादीन आली, सफरचंदाचा केक घेऊन. नादीन टॉलिव्हर मैलभर खाली राहते. आम्ही दोघींनी एकमेकींची बाळंतपणं काढली आहेत, एकमेकींच्या आयांना पुरलं आहे. केक कापता कापता ती म्हणाली, यंदा हिवाळ्यात आमच्याकडेच राहायला ये, घर बंद करून टाक, काय एकटी कुडकुडत बसतेस.

मी हातातली बशी खाली ठेवली. “मी रायफल बघायला गेले होते ते तुला कुणी सांगितलं?”

“रायफलचं मी कुठे काय म्हटलं?” नादीन म्हणाली. पण तिची मान लाल झाली. तिची मान चाळीस वर्षं अशीच लाल होत आलीय, खोटं बोलली की.

ती गेल्यावर मी केक तसाच उचलून बाहेर डुकरांच्या जुन्या वाड्यात फेकला. नादीनच्या नवऱ्याची गुरं दर उन्हाळ्यात माझ्या ओढ्याकाठाकडे आशेने बघत उभी असतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा सुचलं. कीननचा मला राग होता, मर्लचा संताप, पण नादीनच्या विचाराने मी रडले. एवढंच की रडतानाही मी हिशेब करत होते, ती माझ्या घरात एकटी कधी कधी होती याचा.

तिची एक काचेची थाळी माझ्याकडे होती. आमच्याकडे कुणाच्या घरी कुणी वारलं की शेजारणी शिजवलेलं आणतात, थाळीच्या खाली चिकटपट्टीवर आपलं नाव लिहितात, आणि महिन्याभरात ती थाळी परत करायची असते, तीही रिकामी नाही. ऑरिनच्या वेळच्या सगळ्या थाळ्या मी परत केल्या होत्या, नादीनची राहिली होती. सात महिने. गुरुवारी दुपारी बायका चर्चमध्ये गोधड्या शिवायला बसतात, नादीन तिथे असते. मी गुरुवारी थाळी घेऊन तिच्या घरी गेले. रिकामीच नेली. दार उघडंच होतं.

थाळी जिथे असते तिथे, म्हणजे कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवली आणि मग शोधायला लागले. सुतळीचा खण, शिवणाचा डबा, पावाचा डबा. लाज वाटत होती, पण हात थांबत नव्हते. पिठाच्या मोठ्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि खाली कापडात गुंडाळलेलं काहीतरी कडक लागलं. ते कापड माझंच होतं, कोपऱ्यात मी भरलेली निळी फुलं. आत बोल्ट. त्यावर आकडे कोरलेले होते, रायफलच्या नंबरमधले शेवटचे तीन. ऑरिनच्या रायफलचा नंबर मला पाठ आहे.

नादीन चारला आली तेव्हा मी तिच्या टेबलापाशी बसले होते, कोपरापर्यंत पीठ, समोर बोल्ट. तिने शिवणाची पिशवी खाली ठेवली. ओरडली नाही, की माझ्या घरात काय करतेस असंही विचारलं नाही.

मी म्हटलं, “जमीन हवी होती तर तोंडाने मागायची होतीस.”

“कसली जमीन?”

“मर्लला फोन करायला लावतेस. त्या कॅलिफोर्नियावाल्याला माझ्या घरावर नजर ठेवायला लावतेस. माझ्या दारावरची रायफल मोडून ठेवतेस. मी काय खुळी आहे?”

ती खुर्ची ओढून बसली. मग म्हणाली, “कीननला मीच सांगितलं होतं. जाता-येता हिच्या धुराड्यातून सकाळच्या चुलीचा धूर निघतोय का बघ म्हणून. नाही दिसला तर मला फोन कर म्हणून.”

मी बोल्ट माझ्याकडे ओढला.

“वेल्डा, मार्चमध्ये तू मला बोलावलंस आणि बरण्या दिल्यास. अकरा खोकी. अगं, जामची एक बरणी भेट दिलीस तरी रिकामी बरणी झाकणासकट परत मागायला येणारी बाई तू. चर्चच्या पाद्र्याच्या बायकोला तू सगळ्यांदेखत विचारलं होतंस, माझी बरणी कुठेय म्हणून. आणि तू अकरा खोकी माझ्या गाडीत भरलीस आणि म्हणालीस, पुढच्या हिवाळ्यात मला काय लागणार. कोंबड्याही देऊन टाकल्यास. तू आत हात धुवायला गेलीस तेव्हा मी तो दांडा काढला. ऑरिन काढायचा तसा. मला जमेल असंही वाटलं नव्हतं.”

“विचारायचं होतंस.”

“काय विचारू? कसं विचारू?” नादीन म्हणाली. “तूच सांग, आपल्याकडे कुणी कुणाला कधी विचारलंय?”

खरं होतं ते. आमच्या खोऱ्यात माणसं एकमेकांची गुरं बर्फातून ओढून काढतात, रात्रभर बाळंतिणीपाशी बसतात, पण असला प्रश्न तोंडातून काढत नाहीत. त्यापेक्षा मैत्रिणीच्या घरात चोरी करून ती वस्तू पिठात पुरणं त्यांना सोपं जातं. मर्लला तिने मार्चमध्येच सांगून ठेवलं होतं. म्हणून त्याने लाकडांचं विचारलं, बरण्यांचं विचारलं. हिवाळ्याची तयारी करणारी बाई आणि तिच्याकडे ना साठवलेला एक ओंडका, ना एक बरणी, ना पिठाचं पोतं. फक्त रायफल हवी. त्याला कळलं. सव्वीस वर्षं दुसऱ्यांची पाकिटं ओळखणाऱ्या मला नाही कळलं.

आता एक गोष्ट सांगते, ती नादीनलाही तिथे टेबलापाशीच सांगितली. रायफल तेल लावायला काढली, असं मी सुरुवातीला म्हटलं. तेल ऑरिन लावायचा, तेही पहिला बर्फ पडला की. एकोणतीस ऑगस्ट हा आमच्या लग्नाचा दिवस. मी स्टूल आणलं, रायफल उतरवली, टेबलावर ठेवली. तेलाची बाटली मी काढलीच नव्हती. फडकंही नव्हतं काढलं. एक गोळी तेवढी काढली होती. बोल्ट नाही हे बघून मला आधी काय वाटलं तेही आठवतं. राग आला. कुणीतरी मध्ये पडलं म्हणून राग. मग कोण पडलं ते शोधायच्या नादात दुपार टळली, संध्याकाळ झाली आणि मला भूक लागली. तेव्हापासून पुढे मी रोज संशयावरच जगले. सकाळी उठायला दुसरं काही कारणच नव्हतं.

नादीनने माझा हात धरला, पिठासकट. आम्ही दोघीही हात धरणाऱ्या बायका नाही.

मग मी बोल्ट पुन्हा त्या निळ्या फुलांच्या फडक्यात गुंडाळला आणि तिच्याकडे सरकवला. “हा तुझ्याकडेच राहू दे,” मी म्हटलं. “पिठात नको, गंजेल. कोरड्यात ठेव.” मर्लला सांग, ती लिव्हरवाली दुसऱ्या कुणाला विकली तरी चालेल, हेही म्हटलं. आणि कीननला म्हणावं धूर बघायचाच असेल तर फाटकातून आत ये आणि दोन ओंडके फोडून दे.

“आणि हिवाळा?” नादीनने विचारलं.

ओढ्याकाठची आलुबुखाराची झाडं वाकली होती, हे मला येताना दिसलं होतं. मी ते पाहिलं होतं, पण मनात घेतलं नव्हतं. फळं अजून दोन आठवडे मिळणार होती, पक्ष्यांनी ठेवली तर.

मी उठले. “माझ्या बरण्या कुठे ठेवल्यास?”

तळघरात होत्या, अकरा खोकी, एकावर एक, एकही बरणी न वापरलेली, वरून जुनी चादर घातलेली. आम्ही दोघींनी मिळून ती गाडीत भरली. तिचं गुडघ्याचं दुखणं, माझा खांदा, तासभर लागला. शेवटचं खोकं ठेवल्यावर मी सगळी उघडून मोजायला बसले. नादीन गाडीला टेकून माझ्याकडे बघत होती आणि डोळे पुसत होती.

तीन झाकणं कमी होती. मी तिला तसं सांगितलं.