रोवणा खुर्ची, मॉडेल तीन

गुणवंतरावांना प्रशिक्षण या प्रकाराचा मनस्वी कंटाळा होता. कुरखेडा तालुक्यातल्या आयटीआयमध्ये तीस वर्षं वेल्डिंग शिकवताना त्यांनी स्वतःच इतकी प्रशिक्षणं घेतली होती, की प्रमाणपत्रांची एक अख्खी पिशवी नागभीडच्या घरी माळ्यावर पडून होती. त्यामुळे ‘नोकरदारांसाठी पाच दिवसांची कल्पकता कार्यशाळा : एकत्र बसून वस्तू घडवू या’ असं पत्र आलं, तेव्हा ते सरळ प्राचार्यांकडे नकार द्यायला निघाले. दारापाशी पोचता पोचता त्यांनी पत्राची खालची ओळ वाचली. शेवटच्या दिवशी समितीसमोर वस्तू मांडायची होती. जी वस्तू पटेल तिचे वीस नग याच आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये बनून गावोगावी जाणार होते, आणि तेही बनवणाऱ्याच्या नावासकट.

गुणवंतराव दारातूनच परत फिरले आणि कार्यशाळेसाठी आपलं नाव देऊन आले.

त्याला तसंच कारण होतं. वर्कशॉपच्या मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली त्यांची पंधरा वर्षांची मेहनत झाकलेली होती. धानाच्या रोवण्यात बाया दिवसभर कमरेत वाकून चिखलात रोपं लावतात, हे त्यांनी लहानपणापासून बघितलेलं. त्यांची आईही त्यातलीच. म्हणून त्यांनी चिखलावरून घसरणारी खुर्ची केली होती. खाली पातळ पत्र्याचा तळ, त्याचं नाक होडीसारखं वर वळवलेलं, वर बसायला पाट आणि समोर रोपांच्या पेंड्या ठेवायला तबक. मॉडेल एक वजनानं रुतलं. मॉडेल दोन लाल रंग देऊन झकास दिसत होतं, पण पाट हलायचा. मॉडेल तीन मात्र निर्दोष आहे, याबद्दल गुणवंतरावांना तिळमात्र शंका नव्हती. येत्या मे महिन्यात ते निवृत्त होणार होते. तीस वर्षांत त्यांनी जोडलेली फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, शाळांची बाकं जिल्हाभर उभी होती आणि कशावरही कुणाचं नाव नव्हतं. एक तरी वस्तू आपल्या नावानं शेतात जावी, एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते त्यांना फार हवं होतं.

कार्यशाळा घेणारी दिव्यानी चंद्रपूरची. वस्तूंची रचना शिकून आलेली, तिशीतली, आवाज हळू पण माघार न घेणारा. तिनं पहिल्या दिवशी भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवायला लावल्या आणि कागदाचे मनोरे करायला लावले. एक नियमही सांगितला : दुसऱ्याच्या कल्पनेवर ‘हो, पण’ म्हणायचं नाही, ‘हो, आणि’ म्हणायचं. गुणवंतरावांनी दुपारपर्यंत चौदा वेळा ‘हो, पण’ म्हटलं. त्यांच्या गटात दोघं होते, कृषी सहायक प्रवीण आणि उपकेंद्रातली नर्स रीना. चहाच्या सुट्टीत गुणवंतरावांनी दोघांना वर्कशॉपमध्ये नेलं आणि ताडपत्री ओढली.

“हे पाहा. आपलं काम झालं. आता चार दिवस चिठ्ठ्या चिकटवा अन् जेवन करा.”

दोघांनाही खुर्ची आवडली. प्रवीणनं बसून बघितली. रीना म्हणाली, रोवण्याच्या दिवसांत कंबरदुखीच्या गोळ्या तिच्याकडे पुरत नाहीत. गुणवंतरावांची मान आणखी ताठ झाली.

दिव्यानी आली, खुर्चीभोवती एक चक्कर मारून म्हणाली, “छान आहे सर. वापरून कुणी बघितली?”

“मी पाहिलो ना. वर्कशॉपात पानी सोडलो, चिखल केलो, बसलो.”

“रोवणा करणाऱ्या बाईनं?”

“तिले कायले दाखवाचं? दाखवलं का ती दहा सूचना करन.”

“म्हणूनच दाखवायचं,” ती म्हणाली. “परवा शेतावर जाऊ. आणि तिथे एकच नियम. ज्याची वस्तू, त्यानं तोंड उघडायचं नाही.”

हा नियम गुणवंतरावांसाठी मुद्दाम काढल्यासारखा होता, आणि तो तसाच काढलेला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते जवळच्या एका गावात पोचले. रोवणा ऐन भरात होता. एका बांधीत, म्हणजे धुऱ्यांनी, मातीच्या बांधांनी, वेढलेल्या पाण्याच्या तुकड्यात, आठ बाया ओळीनं वाकून रोपं लावत होत्या. त्यांची म्होरकी सुकरीबाई, पन्नाशीची, काळीसावळी, कामाला वाघ. रीनाची तिच्याशी ओळख होती. तिनं विनंती केली तशी सुकरी चिखलातून खुर्चीपाशी आली, तिला डावीउजवीकडून न्याहाळलं आणि पदर खोचून तिच्यावर बसली.

गुणवंतराव धुऱ्यावरून मान उंच करून बघू लागले. सुकरीनं तबकातली पेंडी सोडली, समोर चार रोपं लावली, आणि पुढच्या चार रोपांसाठी सवयीनं मागे सरकली. खुर्ची मागे सरकेना. नाक पुढच्या बाजूला होतं, मागची सरळ कड कुदळीसारखी चिखलात घुसली. सुकरीनं पायांनी जोर दिला. खुर्ची उलटली, सुकरी पाठीवर चिखलात आडवी झाली आणि तबकातल्या पेंड्या तिच्या अंगावर सांडल्या.

सात बाया एका सुरात हसल्या. सुकरीही हसली, पडल्या पडल्याच.

“तशी नाई, पुढं सरका ना!” गुणवंतराव धुऱ्यावरून ओरडले. नियम गेला खड्ड्यात.

सुकरीनं तोंडावरचा चिखल पुसला. “पुढं कुठी सरकू भाऊ? पुढं तं मी लावलेलं धान हाये. माह्याच धानावरून जाऊ का?”

गुणवंतरावांच्या डोक्यात आत्ता उजेड पडला. रोवणा मागे मागे जात करतात! धानाच्या घरात जन्मलेला माणूस, पन्नास पावसाळे धुऱ्यावर उभा राहून पेंड्या फेकलेला, आणि त्यानं पुढे जाणारी खुर्ची केली. यंत्र म्हणजे पुढे जाणारच, असं त्यांनी कधीतरी ठरवून टाकलं होतं आणि पुन्हा त्याकडे बघितलंच नव्हतं. त्यांना इतकी लाज वाटली, की राग आल्याशिवाय राहिला नाही.

“नाक मागच्या बाजूनं लावतो. अर्ध्या घंट्याचं काम हाये,” ते तिरसटपणे म्हणाले.

“लावू या,” दिव्यानी म्हणाली. “पण आधी एक तास इथे बसायचं. नुसतं बघायचं. कुणी बोलायचं नाही, तुम्ही तर मुळीच नाही.”

धुऱ्यावर पळसाखाली ते चौघं बसले. गुणवंतरावांच्या आयुष्यातला तो सगळ्यात लांब तास. पहिली पंधरा मिनिटं ते मनातल्या मनात दिव्यानीला शिव्या देत होते. मग आपोआप बघू लागले. ओळ मागे सरकत होती, आठही पाठी एका तालात. मधेच एखादी पाठ सरळ व्हायची आणि आवाज यायचा, “पेंडी!” धुऱ्यावरचा माणूस पेंडी भिरकवायचा. ती कधी हाताशी पडायची, कधी तीन हात लांब. मग ती बाई ओळ सोडून चिखल तुडवत पेंडी आणायची आणि तेवढ्यात ओळ तिच्यापुढे निघून जायची. मग तिची घाई, आणि शेजारणीची चेष्टा.

तास संपला तेव्हा रीना आधी बोलली. “कंबर दुखते म्हणून नाही उठत त्या. पेंडीसाठी उठतात. मी मोजलं, सुकरीबाई एका तासात एकवीस वेळा उठल्या.”

“अन् पेंड्या एका जागी ढीगभर, दुसऱ्या जागी एकबी नाई,” प्रवीण म्हणाला. “मी दर वर्षी इथी येतो, पन हे ध्यानातच नाई आलं.”

दुपारी भाकरी खाताना रीनानं बायांना विचारलं, बसून रोवणा करायला आवडेल का. आठही जणींनी नाही म्हणून मान हलवली.

“बसाचं कायले माय?” इतवारी नावाची बाई म्हणाली. “रोवन्यात बसली का ओळ तुटते. बसनारीले सगळ्या नावं ठेवतेत. मी तं खुर्ची देली तरी नाई बसत.”

“मग काय पाहिजे?” दिव्यानीनं विचारलं.

सुकरीनं भाकरीचा तुकडा तोंडात टाकून शांतपणे चावला. “पेंडी हातापाशी पायजे. माह्या मागं मागं आली पायजे. मी घमेला ठेवून पाहिलो, तो गोल हाये, कलंडते. या भाऊच्या खुर्चीचा खालचा पत्रा बेस हाये. वरचं समदं काढून टाका.”

वरचं सगळं म्हणजे पाट, तबक आणि त्यांना धरणारे दांडे. म्हणजे खुर्ची. प्रवीण आणि रीना गुणवंतरावांकडे बघायचं टाळत होते. गुणवंतराव ‘हो, पण’ म्हणायला तोंड उघडणार, तोच त्यांच्या लक्षात आलं, की पंधरा वर्षांत या वस्तूबद्दल पहिल्यांदाच कुणीतरी खरं बोललं आहे. आणि पत्रा चांगला आहे असंही म्हणाली आहे.

“हो,” ते म्हणाले. पुढे ‘पण’ येणार होतं, ते त्यांनी बदललं. “आनि दोन्हीकडून नाक लावतो. दोघींच्या मधे एकच ठेवू. पोटरीनं ढकललं का सरकन.”

“दोघींत एक,” सुकरीनं इतवारीकडे बघितलं. “हे चालते.”

चौथ्या दिवशी वर्कशॉपमध्ये कटर त्यांनी स्वतः चालवला. प्रवीण म्हणाला, दुसऱ्या पत्र्याचं नवीन करू, मॉडेल तीन राहू द्या. गुणवंतरावांनी त्याला चष्मा घालून लांब उभं राहायला सांगितलं. दांडे कापताना वाईट वाटलंच. पंधरा वर्षं होती ती. पण कापून झाल्यावर जे उरलं ते इतकं हलकं आणि साधं होतं, की हे आपल्याला आधी का सुचलं नाही असं वाटून त्यांनी स्वतःलाच एक शिवी हासडली. रीनानं पोटरीला लागू नये म्हणून कडेला जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी बसवली. कडेची उंची किती, हे प्रवीणनं पाण्याच्या टाकीत तिच्यात पेंड्यांच्या वजनाइतक्या विटा ठेवून ठरवलं. गुणवंतरावांनी गॅस वेल्डिंगनं दुसरं नाक जोडलं. एवढ्या पातळ पत्र्याला भोक न पाडता जोड देणं जिल्ह्यात फार जणांना जमत नाही, आणि हे त्यांनी दोघांना तीनदा ऐकवलं.

संध्याकाळी पेंड्यांनी भरलेली वस्तू बांधीत उतरली. सुकरी आणि इतवारी तिला मधे घेऊन वाकल्या, आणि ओळीबरोबर ती पाण्यावरून मागे मागे सरकू लागली. एकदाही “पेंडी!” अशी हाक आली नाही. बाया तिला लगेच डोंगा म्हणू लागल्या, नदीतल्या छोट्या होडीला म्हणतात तसं. सुकरी म्हणाली, रात्रभर राहू द्या, सकाळी घेऊन जा.

सकाळी हे तिघं गेले, तर बांधी रिकामी. रोवणा संपवून बाया पलीकडच्या शेतावर गेल्या होत्या, डोंग्यासकट. तिकडे गाठलं तर सुकरी वाकलेलीच बोलली, “आता नाई देत भाऊ. आजचा रोवना हाये. सांजच्याले घ्या.”

“पन बारा वाजता समिती हाये!” प्रवीण रडवेला झाला. “वस्तू दाखवली नाई तं आपलं नावच नाई. सर, तुमी सांगा ना. तुमची हाये.”

गुणवंतराव धुऱ्यावर उभे होते. त्यांनी एक शब्द टाकला असता तर सुकरीनं डोंगा दिला असता. नाहीतर वर्कशॉपमध्ये लाल रंगाचं मॉडेल दोन होतंच, फोटोत छान दिसलं असतं. वीस नग, आपलं नाव, मे महिना, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. बांधीत आठ पाठी एका तालात सरकत होत्या आणि ओळ कुठेही तुटलेली नव्हती. त्यांना अचानक फार स्वस्थ वाटलं. कामात असलेली वस्तू कामातून काढून टेबलावर ठेवणारा कारागीर ते नव्हते.

“चाला,” ते म्हणाले. “रिकाम्या हातानं जाऊ.”

हॉलमध्ये बाकी गटांची टेबलं भरलेली होती. समितीचे साहेब एकेक बघत यांच्यापाशी आले आणि रिकामं टेबल बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“तुमची वस्तू कुठे आहे?”

“ड्यूटीवर गेली साहेब,” गुणवंतराव म्हणाले. “तिकडून सोडत नाईत तिले. पाहाची असन तं गाडी काढा. बूट इथीच ठेवले तरी चालन.”

साहेबांना हसू आलं, की राग आला, ते कळलं नाही. पण त्यांनी गाडी काढली.

शेतावर सुकरीनं साहेबांसाठीही पाठ सरळ केली नाही. साहेबांनी धुऱ्यावर उकिडवं बसून बराच वेळ बघितलं, दोनदा घड्याळ लावून बघितलं, मग खिशातला अर्ज काढून विचारलं, “बाई, हे कुणी बनवलं?”

“आमी,” सुकरी म्हणाली. “या भाऊची खुर्ची होती, ते काई कामाची नोती. मी पडलो तिच्यावरून. मंग आमी सांगतलो, तसं याईनं केलं.”

‘काई कामाची नोती’ हे गुणवंतरावांना लागलं. साहेब त्यांच्याकडे वळले. “खरं आहे का?”

“अगदी खरं,” गुणवंतराव म्हणाले, आणि म्हणताना त्यांची मान पहिल्या दिवशी होती त्याहून ताठ होती. “लिहा साहेब. सुकरीबाई, इतवारीबाई, रीना, प्रवीण. अन् वेल्डिंगपुढं माह्यं नाव लिहा, ते सोडू नका. जोड सुटला तं शिव्या मलेच पडल्या पायजे.”