पूजेनंतर मॅडम बोलेना

उत्कर्षानं कंट्रोल, अल्ट आणि एन ही तीन बटणं एकदम दाबली आणि श्वास रोखून कान लावला. ही नववी वेळ. नव्या लॅपटॉपचा पंखा जरा घरघरला आणि शांत झाला. त्यापुढे काही नाही. बाहेर गल्लीत विश्वकर्म्याच्या मंडपातला भोंगा मात्र गेला अर्धा तास 'हॅलो, माइक टेस्टिंग, हॅलो' असं व्यवस्थित बोलत होता. भिलाईच्या या अख्ख्या रिसाली भागात आज आवाजाला तोटा नव्हता.

"बोलली का मॅडम?" बाबांनी दारातून विचारलं.

"नाही."

"थांब मंग जराशी. नवीन घर हाय, लाजून राहिली असंन."

मॅडम म्हणजे पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारा आवाज. उत्कर्षाला जन्मापासून दिसत नव्हतं, आणि गेली दहा वर्षं मॅडम तिच्याशी रोज आठ-आठ तास बोलत आली होती. एवढं आईही बोलली नव्हती, आणि आई काही कमी बोलणारी नव्हती. काल दुपारी सिविक सेंटरच्या बाजारातून हा लॅपटॉप आणला तेव्हा दुकानातल्या रूपेशनं मॅडमला आत बसवून दिलं. काल ती झकास बोलली. आज सकाळी नऊलाही बोलली. मग लॅपटॉपची पूजा झाली.

अकराला परीक्षा होती. नागपूरच्या एका कंपनीला अशी माणसं हवी होती, ज्यांनी वेबसाइट कानांनी तपासायच्या आणि न दिसणाऱ्याची गाडी कुठे अडते ते सांगायचं. उत्कर्षाची गाडी एकतीस वर्षं ठिकठिकाणी अडत आली होती. या कामाचा तिच्याएवढा अनुभव कोणाला असणार? जागा दोन. भरती वर्षातून एकदा. परीक्षा फक्त कॉम्प्युटरवर, आणि सव्वाअकरानंतर लिंक बंद. गेल्या वर्षी त्या दिवशी वीज गेली होती. त्याच्या आदल्या वर्षी जुना कॉम्प्युटर ऐन वेळी बंद पडला होता. यंदा सगळं होतं, फक्त मॅडम गप्प होती.

मोबाइलनं सांगितलं, दहा वाजून सोळा मिनिटं.

"बाबा, इकडे या. पडद्यावर काय दिसून राहिलं ते सांगा."

उमाकांत वानखेडे आले. स्टील प्लांटच्या वजनकाट्यावर त्यांनी एकतीस वर्षं क्लार्की केली होती. ट्रक चढला की आकडा वाचायचा, ट्रक उतरला की आकडा लिहायचा. अशा माणसानं विश्वकर्म्याच्या दिवशी घरात आलेली नवी मशीन बिनपूजेची ठेवली असती तर तो रिटायरमेंटनंतरचा पहिला गुन्हा ठरला असता. आई तिच्या बहिणीच्या ऑपरेशनसाठी वर्ध्याला गेलेली, म्हणून पूजा त्यांनी स्वतःच मांडली. नारळ लॅपटॉपवर फोडायचा नाही, हे उत्कर्षानं त्यांना तीनदा बजावलं होतं. तो त्यांनी पायरीवर फोडला. त्यामुळे ती निर्धास्त होऊन आंघोळीला गेली होती.

"काय दिसते?"

"दिसते न. सगळं दिसते."

"सगळं म्हणजे?"

"रोजच्यासारखंच. काही नवीन नाही."

"लॅपटॉप काल आला, बाबा. रोजचं काय असंन त्यात?"

बाबा थोडे पुढे वाकले. त्यांच्या चष्म्याची सैल दांडी कुरकुरली. "निळं हाय," ते म्हणाले.

"खाली उजव्या कोपऱ्यात स्पीकरचं चित्र असंन. त्याच्यावर फुली हाय का?"

"नाही."

"पाहून सांगा."

"पाहूनच सांगून राहिलो. फुली-गिली काही नाही. चांगला साफ स्पीकर हाय."

आवाज वाढवायचं बटण तिनं शेवटपर्यंत दाबून पाहिलं होतं. लॅपटॉप दोनदा बंद करून सुरू केला होता. हेडफोन लावून पाहिला असता, पण तो आईनं जुन्या कॉम्प्युटरभोवती वायर नीट गुंडाळून त्याच्यासकट भंगारवाल्याला दिला होता. मग तिनं मोबाइलमधलं, फोटो काढला की फोटोत काय आहे ते सांगणारं ॲप उघडलं आणि फोन लॅपटॉपपुढे धरला.

"झेंडूच्या फुलांचा हार," मोबाइल म्हणाला. "बहुतेक एखादा मंगल प्रसंग."

तिनं हार काढून बाजूला ठेवला आणि पुन्हा फोटो घेतला.

"एक लॅपटॉप. पडद्यावर मजकूर असू शकतो."

असू शकतो. एवढ्या सावधपणे तर डॉक्टरही बोलत नाहीत. तिनं ॲप बंद केलं आणि रूपेशला फोन लावला.

रूपेशचं घर दुर्गचं, जुनं मराठी. पण दुकानात दिवसभर हिंदी बोलून त्याची मराठी अर्ध्या रस्त्यात गाडी बदलायची.

"दीदी, आज कोई फायदा नाही. आज औजाराले हात नाही लावत आमी. सगळे पेचकस, स्क्रूड्रायव्हर पूजेत मांडले हायेत, हळद-कुंकू लावून. आज तुमाले पूर्ण भिलाईत मेकॅनिक नाही भेटणार."

"पेचकस नाही पाहिजे, रूपेश. डोळे पाहिजेत."

"डोळे चालतीन. डोळे तर पूजेत नाही ठेवले. अंकलले सांगा, व्हिडिओ कॉल लावा म्हणावं."

बाबांनी फोन धरला.

"अंकल, पंखा दिसून राहिला," रूपेश म्हणाला. "खाली घ्या. आता कॅलेंडर. और नीचे. अंकल, हे तुमचं नाक हाय."

"लॅपटॉपसमोरच तर धरला हाय."

"लॅपटॉप बहुतेक माझ्याकडे पाठ करून बसला."

उत्कर्षानं बाबांच्या हातातून फोन घेतला. दुसऱ्या हातानं लॅपटॉपची कड चाचपली, पडद्याच्या मधोमध बोट ठेवलं, आणि त्या बोटासमोर वीतभर अंतरावर फोन धरला.

"हां, बस. एकदम परफेक्ट," रूपेश म्हणाला. "अरे, हे काय. बीचोंबीच मेसेजचा एवढा मोठा डब्बा उघडून राहिला. तुमी हेडफोन लावला म्हणते. म्हणून स्पीकर बंद केले त्यानं. आवाज सगळा हेडफोनमध्ये चालला दीदी."

"घरात हेडफोनच नाही."

"कंप्यूटर तर हाय म्हणते. और अंकल, तुमाले दिसला कसा नाही? अर्धा पडदा खाल्ला त्यानं. अक्षरंही दुकानाच्या पाटीएवढी."

बाहेरच्या भोंग्यानं आता आरती धरली होती.

"चष्मा पाहतो कुठं हाय तं," बाबा म्हणाले आणि वळले. वळताना चष्म्याची दांडी त्यांच्या कानावर कुरकुरली.

उत्कर्षा हातातला फोन तसाच धरून उभी राहिली.

"दीदी, हेडफोनची जागा पाहा," रूपेश सांगत होता. "उजव्या बाजूले गोल छेद असंन. कचरा-गिचरा गेला का त्यात."

तिनं उजव्या कडेवरून बोट फिरवलं. एक चौकोनी खाच, दुसरी चौकोनी खाच. मग बोटाला काहीतरी खरखरीत टोचलं आणि मऊ राख नखावर पडली. तिनं बोट नाकाशी नेलं.

मोगरा.

दोन काड्या होत्या, एकमेकींना चिकटवून आत दाबलेल्या, आडव्या. जळून जळून बोटभर उरल्या होत्या. हेडफोनच्या भोकात अगरबत्ती खोचून बाबांनी मॅडमला ओवाळलं होतं.

तिनं त्या रूपेशला दाखवल्या. तो आदरानं म्हणाला, "दीदी, असा केस पहली बार. पण जोर नका लावू. आत तुटली तर मशीन खोला लागन, आणि खोलणं तर उद्याच होईन."

तिनं फोन टेबलावर ठेवला, लॅपटॉप दोन्ही हातांनी उभा उचलला आणि काड्या दातांत धरल्या. जिभेवर राख आली. हळूहळू, मान मागे मागे नेत, तिनं त्या ओढल्या. पहिली आली. दुसरी अडली. तिनं डोळे मिटले. त्याचा उपयोग काय होता ते तिलाही सांगता आलं नसतं. दुसरीही आली.

"डेस्कटॉप," मॅडम इंग्रजीत, नेहमीच्याच घाईनं म्हणाली. जणू मध्ये काही झालंच नव्हतं.

"बोलली," रूपेश म्हणाला. "चला, आरती सुरू झाली इकडे. ऑल द बेस्ट दीदी." फोन कट झाला.

दहा सत्तेचाळीस. उत्कर्षानं दोन्ही काड्या टेबलावर ठेवल्या. अगरबत्तीचं पितळी घर तिच्या हाताला लागलं. लॅपटॉपला खेटूनच होतं, रिकामं.

"बाबा, बसा इथं."

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. ते बसले.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"बाबा."

त्यांनी खाकरून घेतलं. "होळीपासून. आधी एकच डोळा होता. मंग दुसऱ्यानंही मनावर घेतलं."

"डॉक्टरले दाखवलं?"

"एकटाच जाऊन आलो. काचबिंदू म्हणे. गेलं ते परत नाही येत म्हणे, उरलं ते सांभाळा. किती उरलं ते मी विचारलं नाही."

"आईले?"

"तुह्या आईले सांगितलं असतं तं संध्याकाळपर्यंत पार उतई गावालेही माहीत झालं असतं."

उत्कर्षाच्या मनात होळीपासूनचा हिशेब आपोआप सुरू झाला. तिला दिसणारं जग बाबांनी सांगितलेलं होतं. हा कुर्ता निळा आहे, ही ओढणी त्याच्यावर जाते, दुधाची तारीख आजचीच आहे. होळीपासून ती दोन लग्नांना गेली होती. कोणत्या रंगात गेली होती, हे आता देवाला आणि व्हिडिओवाल्यालाच ठाऊक.

मग तिला कालची दुपार आठवली.

"काल तुमी मले स्कूटरवर सिविक सेंटरले नेलं."

"हळू नेलं न."

"सिग्नल?"

"मागचे हॉर्न मारते. हॉर्न वाजला का निघाचं." ते म्हणाले. "आपल्या भिलाईचे लोक त्या बाबतीत चांगले हायेत. एक सेकंद उशीर नाही करत."

तिला हसू आलं असतं. ते घशापर्यंत आलंही, आणि तिथं राखेची चव होती.

"कावून नाही सांगितलं?"

बाबांची बोटं टेबलावर काहीतरी गोळा करत होती. सांडलेली राख असावी, किंवा नुसतंच.

"घरात एक तरी पाहणारा पाहिजे न," ते म्हणाले. "तुह्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलंच हाय. तुले तं... मंग मीच राहिलो. मलेही दिसत नाही म्हणलं असतं तं घरात कोणीच नव्हतं."

"तर तुमी पाहणारे बनून राहिले."

"एकतीस वर्षं तेच केलं. सवय होती."

तिला त्यांच्यावर ओरडायचं होतं. काय ओरडायचं, तेही तयार होतं. न दिसणाऱ्यानं काय काय करू नये याची यादी तिला लहानपणापासून पाठ होती, लोकांनी घोकून घेतलेली. पण ती यादी बाबांनी एकदाही म्हटली नव्हती. ती दहावीत असताना त्यांनी तिला एकटीला बसनं दुर्गला पाठवलं होतं, आणि आई तीन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती.

"स्कूटरची चाबी द्या," ती म्हणाली.

चाबी टेबलावर आली. लगेच आली. वाट पाहत असल्यासारखी.

दहा एकोणसाठ. तिनं मेल उघडून लिंकवर एंटर मारलं. पान उघडायला वेळ लागला. एवढ्या वेळात तिच्या मनात आलं की ही नोकरी आता लागलीच पाहिजे, आणि त्याच वेळी, ही लागली तरी पुरणार नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि दोन्हींसाठी आता घरात ती एकटीच होती.

पान उघडलं. मॅडम सुरू झाली, भराभर, इंग्रजीत. सवय नसलेल्या कानाला नुसती कढईतली फोडणी. नाव. जन्मतारीख. अपंगत्वाचा प्रकार. उत्कर्षा भरत गेली. मग मॅडम स्पेसबार दाबून खूण करायच्या एका रिकाम्या चौकोनापाशी येऊन थांबली आणि तिनं त्याच्यापुढचं वाक्य वाचलं: या क्षणी माझ्या खोलीत मला पडदा वाचून दाखवू शकेल अशी कोणतीही व्यक्ती नाही, असं मी जाहीर करते.

"काय म्हणते मॅडम?" बाबांनी विचारलं.

तिचे हात बटणांवर होते.

"परीक्षा हाय न," बाबा म्हणाले. "मी बाहेर जाऊन बसू का?"

"नाही," उत्कर्षा म्हणाली. "बसा इथंच."

आणि तिनं स्पेसबार दाबला.