थोरल्या जावेची सुधारित आवृत्ती

धाकटीनं ओळीवर बोट ठेवलं, चष्मा पुसला आणि तीच ओळ पुन्हा मनातल्या मनात वाचली. छापलेलं काही बदललं नाही.

"झोप लागली का गं?" थोरल्या जावेनं विचारलं.

थोरलीची नजर गेल्यापासून वाचायची पाळी धाकटीची होती. पूर्वी उलटं असे. दुपारी धाकटीचे पाय शिवणाच्या मशीनवर आणि कान थोरलीकडे. मैत्रिणींच्या, मायलेकींच्या, स्वतःला शोधायला निघालेल्या बायकांच्या कादंबऱ्या थोरली मशीनच्या वरताण आवाजात वाची. बहुतेक बायका शेवटच्या पानापर्यंत सापडत. शेजाऱ्यांचंही बरंच वाचन त्यात फुकटात उरकलं.

"ताई, ही तर मशीन विकते."

"कोण?"

"ही नायिका! नवऱ्याचं ऐकून विकते आणि गप्प बसते. तुम्ही तर वाचलं होतं, मैत्रीण पाठीशी उभी राहते आणि ही दुकान टाकते म्हणून."

थोरलीनं मांडीवरची शाल सारखी केली.

"लिहिणारीचं तिथं जरा चुकलंच होतं."

"अहो, ते ऐकून मी दुकान टाकलं!"

"मग? बुडालं का?"

बुडालं नव्हतं. त्यावर मुलं शिकली. सासूबाईंनीसुद्धा मरेपर्यंत तिथेच कपडे शिवून घेतले, नावं ठेवत ठेवत. ती कादंबरी चालू होती तेव्हा घरातही मशीन विकायचं घाटत होतं, हे धाकटीला आत्ता आठवलं. थोरली मात्र खिडकीकडे तोंड करून बसली होती, जसं काही बाहेर फार बघण्यासारखं होतं.

"वाच पुढं. रविवारी माझा लेक न्यायला येईल. तिकडे कोण वाचून दाखवणार?"

"जायचंच आहे का तुम्हाला?"

"त्याला नाही कसं म्हणू? एवढं घर लावलंय म्हणे माझ्यासाठी."

धाकटीनं पान उलटलं. पुस्तकातली मैत्रीण सामान बांधून मुलाकडे निघाली होती. पुढच्याच परिच्छेदात तिची गाडी सुटली. दोघींची पुन्हा भेट नाही.

धाकटीनं घसा खाकरला.

"'मी कुठं येत नाही,' ती मुलाला म्हणाली. 'इथं माझी जाऊ आहे...' मैत्रीण. 'मैत्रीण आहे.'"

"असं लिहिलंय?"

"अगदी असंच."

थोरलीनं खिडकीकडचं तोंड धाकटीकडे वळवलं.

"मुलगा काय म्हणतो मग?"

"तेवढं दिलेलं नाही."

"फोन लाव," थोरली म्हणाली, "त्यालाच विचारू."