खळीनं चिकटवलेले शब्द

मुलुंडला मिठागरांच्या बाजूच्या एका चाळीत लवूची खोली होती. खोलीतल्या जवळजवळ प्रत्येक वस्तूवर कागदाची चिठ्ठी होती. चाळणीवर ‘सिव्ह’, आरशावर ‘मिरर’, उशीला टाचलेली ‘पिलो’, दाराच्या चौकटीवर खाली ‘थ्रेशोल्ड’. शब्द इंग्रजी, अक्षरं मराठी. हे सगळं लवूच्या बायकोचं, प्रेमाचं काम.

मुलगी कुंदा आठवीत गेली की तिला इंग्रजी लागणार होतं. तिच्या आधी आपल्याला चार शब्द यावेत असं प्रेमाच्या मनानं घेतलं. चाळीच्या टोकाच्या खोलीत सुहासिनीबाई राहायच्या. त्या मॅट्रिक झालेल्या. प्रेमा हातात वस्तू घेऊन त्यांच्या दारात उभी राहायची, “वहिनी, ह्याला काय हो म्हणतात?” असं विचारायची आणि शब्द तोंडातल्या तोंडात घोळवत परत यायची. मग चिठ्ठी लिहायची आणि खळ लावून त्या वस्तूवर डकवायची.

“अगं, खाली मराठी अर्थ तरी लिही,” लवू एकदा म्हणाला.

“कशाला? अर्थ हा काय, समोर उभा आहे.”

पुढं प्रेमाला विषमज्वर झाला आणि ती गेली. कुंदाला आठवीत इंग्रजी लागलं तेव्हा शब्द विचारायला आई नव्हती.

त्यानंतर बापलेकीचं बोलणं आटलं. भांडण काही नव्हतं. लवू भांडुपच्या कारखान्यातून यायचा, कुंदा ताट वाढायची. “जेवा.” “तू जेवलीस?” “हो.” एवढंच. तवा, पाट, मिठाची बरणी, कुठलंही नाव घेतलं की त्यामागून प्रेमा यायची, म्हणून दोघंही नावं घेत नसत. चिठ्ठ्यांकडे तर लवू बघायचाच नाही. तिचं अक्षर दिसलं की तो पाठ फिरवून बसे.

वर्षश्राद्धाला गावाहून त्याची थोरली बहीण, रुक्मिणीअक्का, आली. आल्या आल्या तिनं कुंदाकडे बघत सांगून टाकलं.

“श्राद्ध झाला की चेडवाक मी गावाक घेवन जातंय. हंयसर तिका कोण बघतला? तू तर दिसभर कारखान्यात.”

लवूला कुंदा हवी होती. पण वर्षभर जिच्याशी दोन वाक्यं बोलता आली नाहीत, तिला ठेवून घे असं कुठल्या तोंडानं सांगायचं? कुंदानं आत्याची वळकटी नीट रचून ठेवली. बोटीचं दोघींचं तिकीट काढायचं ठरलं.

श्राद्धाआधी खोलीला चुना द्यायचा, हा अक्काचा हट्ट. सकाळी सगळं सामान गॅलरीत आलं. दशरथ रंगारी आत भिंतींना चुना मारत होता आणि अक्का बाहेर राख नि काथ्या घेऊन एकेक वस्तू घासत होती. लवू भटजींना सांगून आला तेव्हा सामान लखलखत होतं आणि चिठ्ठ्या सुपात वाळत होत्या. अक्षरावर पाय पडू नये म्हणून अक्कानं एकूणएक चिठ्ठी, उशीचा अभ्रा धुताना काढलेलीसुद्धा, वेचून ठेवली होती.

“पान्यात सुटान इल्यो,” ती म्हणाली. “काय लिवलेला तां माका काय कळता?”

लवूला तरी कुठं कळत होतं? ‘सिव्ह’ म्हणजे काय? ‘पिलो’? कारखान्यातलं गेट, पास, शिफ्ट त्याला ठाऊक. घरातलं ठाऊक नव्हतं. अर्थ वस्तूला टेकून उभा होता, तो आता निघून गेला होता.

अक्का देवळात गेली. दशरथही काम आटोपून निघाला. लवू गॅलरीत भांड्याकुंड्यांमध्ये पाठ टेकून बसला. आतून ओल्या चुन्याचा वास येत होता, बाहेर मिठाचे ढीग उन्हात पांढरे दिसत होते. पांढऱ्यात पांढरं मिसळत गेलं आणि त्याला दिसलं, की मिठागराच्या बांधावरून प्रेमा येते आहे. पाय कोरडे. ती सामानातून सावकाश फिरली. नाव नसलेल्या वस्तू तिच्याकडे तोंड करून उभ्या होत्या. तिनं तांब्यावर बोट ठेवलं, मग आरशावर, मग घड्याळावर. ओठ हलत होते, आवाज नव्हता. लवू पुढं वाकला आणि जागा झाला.

ती नावंच सांगायला आली होती असं समजून त्यानं स्टोव्ह पेटवून खळ केली. प्रेमाचं बोट पहिल्यांदा जिथं पडलं तिथं सुपातली वरची चिठ्ठी, मग दुसरी. उरलेल्या वस्तूंना मनाला येईल तशा. हात भराभर चालला. ओल्या भिंतीच्या खोलीत सामान पुन्हा लागलं.

कुंदा शाळेतून आली आणि दारातच थांबली.

“बाबा, हे काय केलंत? तांब्याला पिलो?”

“का? चुकलं?”

“आणि आरशाला ब्रूम! आरशानं केर काढणार तुम्ही?” तिला हसू आवरेना. दप्तर तसंच खांद्यावर. “कोणी सांगितलं हे?”

“तुझ्या आईनं.”

हसू थांबलं. “कधी?”

“दुपारी डोळा लागला, तेव्हा आली होती. बोलली नाही काही. एकेका वस्तूवर बोट ठेवत गेली.”

कुंदानं तांब्या उचलला, त्याच्या गळ्यावरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं.

“शब्द नव्हती सांगत ती, बाबा. धूळ बघत होती. आत्यानं नीट घासलं की नाही ते.”

लवूला आधी हसू आलं, मग रडू, मग परत हसू. कुंदाही तशीच. अक्का परत आली तेव्हा दोघं जमिनीवर बसून ओल्या चिठ्ठ्या अलगद सोडवत होती.

“ह्यां काय चल्लाहा? ट्रंक भरूक व्हयी ना, कुंदा?”

“मी नाही येत, आत्या.”

“वर्सभर तू बापाशीवांगडा धड बोलूक नाय!”

“आता बोलतेय ना.”

अक्कानं भावाकडे पाहिलं. लवूच्या बोटांना खळ लागली होती. त्यानं ती धोतराला पुसली.

“राहू दे तिला, अक्का. मला हवी आहे ती.”

“शिरा पडो तुमच्या तोंडार,” अक्का म्हणाली आणि पदरानं डोळे टिपत चहाचं आधण ठेवायला वळली. “मगे माजा एकटीचाच तिकीट काढ.”

ऊन उतरलं. भिंती अजून ओल्याच होत्या. कुंदा एकेक चिठ्ठी पुढं करून वस्तू विचारत होती आणि लवू चुकत होता.

“सिव्ह कुठलं?”

त्यानं पाटाकडे बोट केलं.

“नाही हो, बाबा. परत सांगा.”