जाळरेषा

धनश्रीने टेंभा पेटवला, तशी रंगुबाई पुढे झाली आणि ज्या गवताला आग लावायची होती त्याच गवतात फतकल मारून बसली.

धनश्री वनरक्षक होती. पाथर्डीच्या या डोंगरपट्ट्यात येऊन तिला जेमतेम चार महिने झाले होते. वस्तीच्या वरच्या अंगाला तिने गवताचे दोन लांबलचक पट्टे कापून घेतले होते. त्यांच्या मधलं गवत आत्ताच, जानेवारीत, आपल्या हाताने जाळून टाकायचं, म्हणजे उन्हाळ्यात वणवा उतरला तर तिथे त्याला खायला काही उरणार नाही. त्यालाच जाळरेषा म्हणतात. तिच्यासोबत खात्याचे दोनच मजूर होते. वस्तीवरची धडधाकट माणसं उसतोडीला गेलेली. मागे उरले होते म्हातारे, म्हाताऱ्या आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली शाळकरी पोरं.

धनश्रीने आधी समजावलं, मग आवाज थोडा चढवला. रंगुबाई हलली नाही. दोन वर्षांपूर्वी याच उतारावरून वणवा आला होता आणि तिची कडब्याची गंजी, गंजीशेजारी बांधलेली गाभण गाय, दोन्ही गेली होती. धनश्रीने हे ऐकलं होतं. तिने टेंभा मातीत विझवला आणि म्हातारीशेजारी बसली. मावशी, तुमची भीती मला कळते, असं ती हळूच म्हणाली.

रंगुबाईने कपाळावर हात धरून सूर्याकडे पाहिलं.

"जाळायला माझं न्हाई म्हननं न्हाई. पर ही येळ न्हवं. दहा वाजलं की दरीतनं वारा उठतो. आन् तू खालनं लावतीस. खालनं लावलेली आग वर पळत सुटती, पोरी. हातात राहात न्हाई."

"मग कशी लावायची?"

"सकाळच्याला, दहिवर सुकाया लागलं की. वरनं लावायची. वाऱ्याच्या तोंडावर आग हळू चालती. तिला चालवत खाली आनायची."

धनश्रीच्या हातातल्या नकाशावर डोंगर होता, दरी होती, वारा नव्हता. तिने नकाशाची घडी घातली, मजुरांना आज घरी जायला सांगितलं आणि रंगुबाईला विचारलं, उद्या याल का? दुसरं हाय कोन हितं, म्हणत रंगुबाई उठली आणि लुगड्याला चिकटलेली कुसळं काढू लागली.

दुसऱ्या दिवशी सातजण आले. सगळ्यांत धाकटी रंगुबाई, साठीची. पुंजारामचा गुडघा वाकत नव्हता, पण तो फवारणीचा पंप पाण्याने भरून पाठीवर घेऊनच आला. पहिली चूड, वाळल्या गवताची पेटती पेंडी, रंगुबाईनेच वरच्या कडेला लावली. नऊ सकाळी लागल्या. रोज दहाच्या आत आग विझलेली असायची आणि काळा पट्टा डोंगराच्या कमरेवरून थोडा पुढे सरकलेला असायचा.

मार्चमध्ये, भर दुपारी, कड्यापलीकडून धूर वर आला.

धनश्री तेव्हा वीस किलोमीटरवर होती. फोनवर तिने एवढंच सांगितलं, की पोरांना घेऊन सगळ्यांनी डांबरी रस्त्यावर जा. शाळा वस्तीच्या टोकाला, उताराला लागूनच होती. रंगुबाईने गुरुजींबरोबर पोरं खाली धाडली. स्वतः मात्र कडुनिंबाचे डहाळे तोडून वर निघाली. मागे वळून न बघताही तिला पावलं ऐकू येत होती. पंप डचमळत होता, म्हणजे पुंजारामही होता.

वणवा कडा ओलांडून आला. पुरुषभर उंच ज्वाळा, आणि आवाज असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. काळ्या पट्ट्यापाशी येऊन तो दोन्ही अंगांना धावला, वाट शोधू लागला, आणि बुटका होत गेला. तीन ठिकाणी ठिणग्या उडून अलीकडच्या गवतात पडल्या. तिन्ही ठिकाणी म्हातारी माणसं तुटून पडली. डहाळ्यांनी झोडपलं, पायताणांनी तुडवलं, पुंजारामने पंप रिकामा केला.

दीड तासाने धनश्री धापा टाकत वर पोचली. काळ्या पट्ट्यावर सहाजण ओळीने बसले होते. तोंडं काजळलेली, भुवया जळालेल्या. पुंजाराम हसत होता आणि त्याला हसू आवरत नव्हतं. रंगुबाई तेवढी उभी होती. अलीकडच्या पिवळ्या गवतात हात फिरवत ती पट्ट्याच्या कडेने शेवटपर्यंत चालत गेली आणि परत आली.

"एक गंजी गेली न्हाई," ती म्हणाली.

एप्रिलमध्ये उसतोडीची माणसं परतली. ट्रॅक्टरवरून उतरताच रंगुबाईच्या मुलाची, आदिनाथची, नजर डोंगराकडे गेली. वर सगळा काळा. कमरेपासून खाली पिवळं गवत, गंज्या, शेरडं, शाळेचे पत्रे.

"बंब आल्ता का, आई?"

"न्हाई."

"मग वनखात्याची मानसं?"

"एक पोरगी हाय. पर तवा ती उशिरा आली."

आदिनाथ डोंगराकडे बघत राहिला, मग आईकडे. अजून न उगवलेल्या तिच्या भुवयांवर त्याची नजर थांबली. रंगुबाईने ट्रॅक्टरमधलं बोचकं उचलून त्याच्या हातात दिलं.

"औंदा जायच्या आदी वरचं गवत कापून द्यायचं," ती म्हणाली. "पट्टा रुंद करायचाय."

"व्हय," तो म्हणाला.