बारा गाण्यांची डिस्क

आवडाबाईने खडीसाखरेचा खडा गालात सरकवला, पदर घट्ट खोचला आणि स्पीकरवरचं गाणं संपायची वाट बघत मांडवाच्या खांबाला टेकून उभी राहिली. मागे साथीला रंगूबाई होती, तिनेही घसा खाकरून ठेवला होता. पाटावर मंजुळा बसली होती, आवडाबाईच्या भावाची मुलगी. पाच सवाशिणी हळदीच्या वाट्या हातात धरून आवडाबाईच्या तोंडाकडे बघत होत्या. धवलारणीने धवला, म्हणजे लग्नातलं बोलावण्याचं गाणं, म्हटल्याशिवाय ठाण्याच्या ह्या कोळीवाड्यात कुणा नवरीला हळद लागलेली त्यांनी पाहिली नव्हती.

गाणं काही संपेना.

ते गाणं मंजुळाच्या भावाने, सहदेवने आणलं होतं. सहदेव बोटीवर नोकरीला होता आणि बहिणीच्या लग्नाला कुठल्याशा बंदरावरून दोन डिस्कचा जाडजूड डबा घेऊन आला होता. वाड्यात अजून कॅसेटींवर भागत होतं, त्यामुळे त्या डब्याचा तोरा नवरीपेक्षा जास्त. सकाळीच त्याने तो आत्याला दाखवला होता.

"आत्या, हे ट्रायबल हाऊस."

"म्हंजे काय रं?"

"हाऊस म्हंजे नाचायचं गानं, ट्रायबल म्हंजे आदिवासी. सगळा ड्रम. फुल दणका."

"आदिवासी? आपल्या येऊरच्या डोंगरातलं? मंग तारपा वाजतो का यात?"

सहदेव पोट धरून हसला. मग डब्याची पाठ फिरवून त्याने तिला बारीक अक्षरातली नावं दाखवली. एकेका डिस्कवर बारा गाणी. आवडाबाईला वाचता येत नव्हतं, पण हिशेब चोख होता. बारा गाणी म्हणजे मध्ये अकरा वेळा शांतता.

"मना पयल्या गान्यानंतर जागा दे. मंग रातभर नाचा."

"दिली, आत्या."

तो खोटं बोलला नव्हता. कुणा डीजेने ती गाणी एकमेकांत अशी कालवली होती की एक कुठे संपतं नि दुसरं कुठे सुरू होतं ते कळूच नये, हे सहदेवला ठाऊक होतं. पण त्याचा आत्याच्या धवल्याशी काही संबंध असेल हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. नाचणाऱ्याला शांततेचं काय काम?

आवडाबाईला मात्र काम होतं, आणि ते आजच करायचं होतं. मंजुळाचा बाप, गुणाजी, दोन वर्षांपूर्वी तापाने गेला. शुभकार्यात गेलेल्याचं नाव कुणी काढत नाही. ते निघतं फक्त धवल्यात. आधी देवांना बोलावणं, मग गावाला, मग घरच्यांना, जिवंत आणि मेलेल्या सगळ्यांना नावानिशी. तेवढ्यापुरता बाप लेकीच्या मांडवात येऊन बसतो. मंजुळाची आई हौसाबाई विधवा, म्हणून ती आतल्या खोलीत बसली होती. मांडवाकडच्या खिडकीला कान लावून ती नवऱ्याचं नाव ऐकणार होती. "माज्यासाटी जरा जोरात घे," एवढंच तिने आवडाबाईला सांगितलं होतं.

ड्रम जरा हळू झाले. आवडाबाई सरसावली, तोंड उघडलं. तेवढ्यात खालून दुसरा ठेका वर आला आणि पोरांनी आरोळी ठोकली. ती पुन्हा खांबाला टेकली. असं दोनदा झालं, चारदा झालं. पाचव्यांदा रंगूबाई वैतागली.

"ह्ये एकच गानं किती वेल चाललंय गो?"

आवडाबाईने नाचणाऱ्यांतल्या सहदेवला हात केला. त्याने घामाघूम चेहऱ्याने हसून हात हलवला, थांब, होतंय आता. साउंडवाला पोपट ठाकुर्लीहून आलेला. त्याला धवला म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं आणि त्या दणक्यात त्याला कुणी सांगूही शकलं नसतं. ओरडून गाणं बंद करायला लावणं आवडाबाईला जमणारं नव्हतं. धवलारणीला लोक थांबून बोलावतात, ती जागा मागत नाही. आज सकाळपर्यंत कधी मागावी लागली नव्हती.

वाटीतली हळद सुकायला लागली. एका सवाशिणीने बोटाने ती ढवळली, आवडाबाईकडे पाहिलं, मग दुसरीकडे पाहिलं, आणि वाकून मंजुळाच्या पायाला हळद लावली. मग सगळ्यांनीच लावली. पाय, गुडघे, हात, गाल. आवडाबाई बघत राहिली. तिला वाटलं, आपण इथे उभ्या आहोत हे कुणी विसरलंय असं नाही. सगळ्यांना दिसतंय, आणि कुणाचं काही अडत नाही.

मंजुळा कपाळापर्यंत पिवळी झाली आणि तेव्हा डिस्क संपली.

एवढी शांतता झाली की खाडीच्या पुलावरून जाणाऱ्या ट्रकचा आवाज ऐकू आला. रंगूबाईने तिला मागून ढोसलं. आवडाबाईने सूर लावला. तासभर त्या दणक्यात उभं राहिल्यावर तिचा तिलाच तो परका वाटला, बारीक आणि म्हातारा. नाचणारी पोरं जागच्या जागी उभी राहिली. कुणी हसलं नाही, कुणी कुजबुजलं नाही. म्हातारीचं आटपेपर्यंत थांबायचं तशी ती थांबली. आवडाबाईने मंजुळाकडे पाहिलं. मंजुळा पाटावर बसल्या बसल्या अंगठ्याने ठेका धरून होती, आणि तिची नजर पोपटच्या मशीनवर होती.

पहिल्या देवाचं नाव तोंडात आलेलं आवडाबाईने गिळलं.

"लाव रे," ती पोपटला मोठ्याने म्हणाली, "दुसरी लाव."

पोरांनी शिट्ट्या मारल्या. सहदेवने तिला उचलून गरकन फिरवलं. रंगूबाई चपला शोधू लागली.

आवडाबाई आतल्या खोलीकडे निघाली तेव्हा तिने मनाशी ठरवलं होतं, धवला म्हटला म्हणून सांगायचं. दणक्यात आयकू नाय आला असंल, म्हणायचं. पण दारात गेल्यावर तिला खिडकी दिसली. सताड उघडी. तिच्या आणि मांडवाच्या मध्ये नुसता एक कापडी पडदा होता. शांतता झाली तेव्हा इथे श्वाससुद्धा ऐकू आला असता.

हौसाबाई भिंतीला पाठ लावून बसली होती. तिने आवडाबाईकडे एकदा पाहिलं आणि डोळे खाली वळवले.

"आयकला मी," ती म्हणाली. "ब्येस म्हनलास धवला. त्यांचा नाव पन घेतलास."

आवडाबाई उंबऱ्यातच उभी राहिली.

"बस गो," हौसाबाईने कळशीतून तांब्या भरला आणि पुढे केला. "एवढा म्हनलास, घसा सुकला असंल."

आवडाबाई बसली. तांब्या तोंडाला लावून ती सगळं पाणी प्यायली.