कारकुनाचा हात

पाहुणे चार वाजता यायचे होते आणि म्हातारा तीन वाजल्यापासून खोली मांडत होता.

"ती खुर्ची खिडकीपासून हातभर अलीकडे घे, चिमणे. उजेड तोंडावर नको, हातावर हवा. कारकुनाचं सगळं हातात असतं."

लेकीने खुर्ची सरकवली. पन्नाशीला आलेली ग्रंथपाल होती ती; वाचनालयात तिच्या नुसत्या चष्म्याला लोक बिचकत. पण या घरात आली की तिची चिमणी व्हायची.

"बाबा, पुरे. चहा पिऊन अर्ध्या तासात जातील ती माणसं."

"अर्धा तास म्हणजे एक अख्खा अंक झाला! आमच्या कंपनीत तर..."

"हळू बोला ना!" तिने दाराकडे पाहिलं.

स्वतःच्याच घरात त्याने हळू बोलायचं, हे अठ्ठावीस वर्षांपूर्वी ठरलं होतं. म्हातारा नट होता. पुरुषच बायकांची कामं करत अशा एका कंपनीत तो वीस वर्षं राणी झाला. आवाज आणि कंबर दोन्ही दगा द्यायला लागल्यावर त्याने नाटकं बसवली, आणि पुढे नेपथ्यही स्वतःच उभं करू लागला. चार चौकटी आणि फाटकं कापड दिलं तर हा राजवाडा बांधेल, असं लोक म्हणत. तिकीट काढून त्याच्या राणीसाठी डोळे पुसणारे हेच लोक. पण मुलीचं लग्न ठरायची वेळ आली तेव्हा होणाऱ्या जावयाने, चांगल्या शिकलेल्या, मृदू बोलणाऱ्या जावयाने, तिला बाजूला घेतलं होतं. "माझं काही नाही गं. पण बाईचे कपडे घालून नाचणाऱ्याची मुलगी म्हटलं की आमच्याकडे कुणी उंबरा ओलांडू देणार नाही. नोकरीत होते, एवढंच म्हण."

तिने ते खाली मान घालून वडिलांना सांगितलं. त्यांनी ओरडावं, निदान रागाने उठून जावं, असं तिला मनातून वाटत होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "कुठल्या खात्यात?"

नोंदणी कार्यालयाच्या बाकावर ते तीन दिवस बसून आले. कारकून पेन कसं धरतो, माणसाकडे न बघता हात पुढे कसा करतो, सगळं टिपून आणलं. कंपनीतल्या दहा जणांना मापाचे शर्ट शिवले, त्यांना दोन रांगांत उभं केलं आणि निरोपसमारंभाचा फोटो काढून घेतला. तो फोटो भिंतीवर चढला आणि राणीचे सगळे फोटो ट्रंकेत गेले. सासरचं माणूस यायचं असलं की ते खिशाला शाईचा एक डाग नव्याने लावत. "जुना डाग खोटा दिसतो," म्हणत.

आज आणखी एक अंक होता. तिच्या मुलीचं जमत आलं होतं. मुलं एकमेकांना आवडली होती. मुलाच्या आईला फक्त घराणं बघायचं होतं.

काम चांगलं रंगलं. नोंदवहीत एकाच माणसाचा मृत्यू दोनदा नोंदवला गेला तो किस्सा म्हाताऱ्याने सांगितला तेव्हा मुलाची आई पोट धरून हसली. "आजोबा, तुमच्या ऑफिसात भलतीच मजा होती हो!"

"मजा कसली, सगळं नियमात," म्हातारा पडेल आवाजात म्हणाला. लेकीचा जीव भांड्यात पडला.

निघताना मुलाच्या आईची शाल खांद्यावरून घसरली. म्हाताऱ्याने ती जमिनीला लागू दिली नाही. दोन बोटांत झेलली, मनगट हलकेच वळवलं आणि तिच्या खांद्यावर अशी ठेवली की जणू ती शाल तिथे स्वतःहून बसली.

"अगंबाई! काय नाजूक हात! आम्हा बायकांनासुद्धा जमायचं नाही हो असं!"

सगळे हसले. म्हातारा घाईघाईने खिशातलं पेन चाचपू लागला. लेकीने पुढे होऊन पाहुण्यांसाठी दार उघडलं. पाहुणे जिना उतरल्यावर ती वळली.

"हात सांभाळा ना जरा, बाबा! एवढं एक साधं काम सांगितलंय तुम्हाला."

"चुकलं गं. पुढच्या प्रयोगाला नाही व्हायचं."

बस गाठायची होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

सकाळी शेजारणीला तो त्याच खुर्चीत सापडला. अंगात कारकुनाचा शर्ट होता, हात मांडीवर घट्ट मिटलेले.

शोकसभेला खालच्या मजल्यावरची खोली भरली. मुलाच्या घरचे पहिल्या रांगेत बसले. थोड्या वेळाने दारातून पाच म्हातारे आत आले. फोटोतले शर्ट. विटलेले, खांद्यांवर ढगळ झालेले, पण तेच. प्रत्येकाच्या खिशावर ताजा शाईचा डाग.

सर्वांत पुढे कंपनीचा जुना प्रॉम्प्टर होता. जन्मभर विंगेत उभा राहून दुसऱ्यांची विसरलेली वाक्यं पुरवली, म्हणून सगळे त्याला कुजबुजकाका म्हणत. तो तिच्या कानाशी वाकला.

"घाबरू नकोस, पोरी. त्याने सगळं लिहून ठेवलंय. कोण काय बोलणार, कुठे बसणार, सगळं. वाचायचं नाही, पाठ करा, म्हणालाय मेला."

आणि तिला बरं वाटलं. वडील जाऊन तीन दिवस झाले होते, ते मेल्यावरही तिची लाज झाकायला धडपडत होते, आणि तिला बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच तिला शिसारी आली.

कुजबुजकाका उभे राहिले. ऐंशी वर्षांच्या आयुष्यात ते लोकांसमोर पहिल्यांदाच बोलत होते.

"आम्ही एका खात्यात होतो. साहेब शिस्तीचे. वेळेच्या आधी येणारे. त्यांच्या हातून कधी... कधी..."

वाक्य गेलं. त्यांनी सवयीने बाजूला पाहिलं, विंगेकडे. तिथे नुसती भिंत होती. बाकीचे चौघे त्यांच्याकडे बघत बसले होते.

"त्यांच्या हातून कधी..."

पुढचे शब्द तिला ठाऊक होते. ती उठली.

"ते कुठल्याच खात्यात नव्हते," ती म्हणाली.

नवऱ्याने तिची बाही ओढली. "बस खाली. वेड लागलंय का?"

"माझे बाबा नट होते. वीस वर्षं बायकांची कामं केली त्यांनी. ही सगळी कंपनीतली माणसं आहेत. बाबांना कारकून मी केलं."

"आई!" मुलगी कळवळून म्हणाली. "आज नको गं. प्लीज."

मुलाच्या आईने शाल घट्ट लपेटून घेतली, मुलाच्या दंडाला धरलं आणि ती उठली. मुलगा उठला. त्याने एकदाही मागे पाहिलं नाही. नेमकं तसंच निघून जाणं तिच्या ओळखीचं होतं. मुलीने तोंड ओंजळीत लपवलं. खुर्च्या सरकल्या, रांग रिकामी झाली. जे गेलं ते परत येणार नव्हतं, आणि ज्याने हे ऐकायला हवं होतं तो आता कधीच ऐकणार नव्हता.

कुजबुजकाका अजून उभेच होते, अर्ध्या वाक्यावर. तिने त्यांच्याकडे पाहून ते वाक्य पुरं केलं. हळू नाही, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात.

"त्यांच्या हातून कधी चूक झाली नाही. त्या दिवशी शाल झेलली तेव्हासुद्धा नाही, बाबा."